आधी दिवस विचारा, मग शुगर मोजा

उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या मुली भेटल्या की फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. ‘मॅडम, बीपी-शुगरचे पेशंट गोळ्या नीट घेत नाहीत, पथ्य पाळत नाहीत. किती वेळा सांगायचं?’ हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी, आशाताईंसाठी, आणि घरात असं आजारी माणूस सांभाळणाऱ्या सुना-मुलींसाठी आणि मुलग्यांसाठीही. माझी नोकरी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात झाली, आष्टी-पाटोद्याकडच्या वाड्यावस्त्यांवर. आधी आरोग्य सेविका, पुढे सार्वजनिक आरोग्य परिचारिका. उमेदीची वर्षं बाळंतपणं आणि लसीकरणात गेली, आणि ज्यांच्या लेकरांना डोस पाजले तीच माणसं पुढे बीपी-शुगरचे रुग्ण म्हणून समोर बसू लागली.

गोवर-जुलाब येतात आणि जातात. मधुमेह आणि रक्तदाब जन्माची सोबत करतात, त्यामुळे शुश्रूषेचा विचारही मुळातून बदलावा लागतो. वॉर्डात माणूस आपल्या वेळापत्रकात येतो. सहाला टेम्परेचर, आठला इंजेक्शन, सगळं आपल्या हातात. घरी मात्र आपण त्याच्या वेळापत्रकात जातो. वर्षाचे ८७६० तास असतात. तुम्ही दर महिन्याला न चुकता गेलात आणि अर्धा-अर्धा तास बसलात, तरी ते सहा तास होतात. उरलेल्या सगळ्या तासांत त्या माणसाची नर्स तो स्वतःच असतो. त्या तासांत काय घडतं हे ठाऊक नसताना दिलेला सल्ला हवेत जातो. म्हणून माझा आग्रह आहे की आकड्याच्या आधी दिवस विचारा.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आपण नाइटिंगेल, हेंडरसन, ओरेम, लेनिन्जर यांच्या विचारपद्धती शिकतो आणि परीक्षेत दहा मार्कांना लिहून विसरून जातो. त्यांतल्या दोन-तीन गोष्टी घराच्या ओट्यावर बसून रोज वापरता येतात. त्या कशा, ते सांगते.

घरात शिरताना

निघण्याआधी मागच्या भेटीची नोंद वाचा. फक्त बीपीचा आकडा पाहू नका, मागच्या वेळी काय बोलणं झालं होतं तेही पाहा. दारात गेल्यावर ‘येऊ का?’ विचारा आणि उत्तराची वाट बघा. सरकारी कामासाठी आलो म्हणून थेट माजघरात शिरायचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

बॅग जमिनीवर ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग, हात धुतल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हे सगळ्यांना येतं. पण वर्तमानपत्र कुठे पसरायचं, याचा विचार फार जणी करत नाहीत. ओट्यावर पसरलं की शेजारपाजार गोळा होतो आणि ‘शुगर दोनशे ऐंशी!’ हे अख्ख्या आळीला कळतं. नुकतं लग्न झालेल्या सुनेला मधुमेह निघाला, किंवा लग्नाच्या मुलीला निघाला, तर त्या एका वाक्याने तिचं किती नुकसान होऊ शकतं हे गावात राहिलेल्या बाईला सांगायला नको. ‘आत बसू या का जरा?’ एवढंच म्हणावं. आकडा कागदावर लिहून आधी त्या माणसाला दाखवावा. तो कुणाला सांगायचा हे त्याचं त्याने ठरवावं.

आणि बसा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बजावून ठेवलंय की आजारी माणूस बोलत असताना उभं राहू नये, आणि त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावं. उभ्या उभ्या विचारलेल्या प्रश्नाला लोक ‘बरंय’ असं उत्तर देतात. बसलं की खरं बोलतात.

दिवस कसा विचारायचा

‘गोळ्या घेता का?’ असं विचारू नका. याचं उत्तर ‘हो’ असंच येतं, कारण ‘नाही’ म्हटलं की बोलणी बसणार हे प्रत्येकाला माहीत असतं. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, सांगा बरं मला,’ असं म्हणा. कालचाच दिवस विचारा. ‘रोज काय करता’ म्हटलं की माणूस आदर्श दिवस सांगतो, ‘काल’ म्हटलं की झालेला सांगतो.

एका आक्कांचा दिवस बघा.

‘पाचाला उठले. मिश्री लावली, चुलीवर पाणी ठेवलं. कोरा चहा घेतला. म्हशीची धार काढली, ह्यांना न् पोराला डबा करून दिला. मग खुरपायला गेले.’

‘खाल्लं कधी?’

‘रानात. अकरा-बारा वाजलं आसतील.’

‘गोळी?’

‘ती आपली जेवणाआधीची हाये ना. मग डबीतच राहती घरी. रानात कोण नेतंय?’

एवढ्या बोलण्यात किती गोष्टी मिळाल्या! मिश्रीत तंबाखू असते, तिने नाडी आणि दाब दोन्ही चढतात, तेव्हा मिश्रीनंतर लगेच मोजलेला दाब खरा नसतो. पहिलं खाणं दुपारी, आणि सकाळची गोळी घरी. या बाईंच्या कार्डावर आधीच्या कुणीतरी ‘औषध नियमित घेत नाही’ असं लिहिलेलं असतं. त्या नियमितच असतात, त्यांच्या दिवसात त्या गोळीला जागा नसते. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना हा दिवस सांगायचा आणि गोळीची वेळ बदलून घ्यायची. रानातल्या डब्याच्या फडक्यातच गोळी बांधायची. गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने मात्र बदलायची नाही.

रुग्ण सांगतो ती हकिगत हा पुरावा आहे, ग्लुकोमीटरच्या आकड्याइतकाच. हे मी फार जोर देऊन सांगते, कारण गरीब, अडाणी, त्यातून बाई असली की तिचं सांगणं आपण अर्धवट ऐकतो. ‘मला गोळी घेतली की गरगरतं’ असं ती म्हणाली तर आधी खरं माना. बसलेलं आणि उभं राहिल्यावरचं बीपी मोजून बघा. बऱ्याचदा तिचंच बरोबर निघतं.

आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सी-बॅक, म्हणजे आजाराचा धोका जोखायचा फॉर्म भरतात, तोही असाच भरता येतो. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरातला आजार, असे प्रश्न असतात आणि गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी करायची. हे प्रश्न जनगणनेसारखे भराभर विचारले की फॉर्म भरतो आणि माणूस निसटतो. टेप कमरेला लावताना दोन शब्द बोला.

आता मोजा

बोलणं झालं की पाच मिनिटं शांत बसायला सांगा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी घातलेली नको. दंडावर कापड नको, पोलक्याची बाही घट्ट असेल तर आडोशाला जाऊन हात मोकळा करून घ्या. हात हृदयाच्या उंचीवर यायला हवा. पाटावर नाहीतर धान्याच्या डब्यावर उशी ठेवली की बरोबर येतो. लघवी तुंबलेली नको, आणि चहा, मिश्री, बिडी होऊन अर्धा तास झालेला असावा. मोजताना तुम्हीही बोलू नका. मिनिटभराने पुन्हा मोजा. मशीन जे दाखवेल तेच लिहा. रजिस्टरभर १३०/८० दिसलं की मला काळजी वाटते, कारण खऱ्या माणसांचे आकडे असे एकसारखे येत नाहीत.

१४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी वेगवेगळ्या दिवशी आलं तर तो उच्च रक्तदाब, डॉक्टरांकडे पाठवा. १८०/११० च्या पुढे असेल आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय किंवा एका बाजूची ताकद गेलीय, तर गप्पा नकोत, लगेच १०८ ला फोन.

आकडा सांगताना धाक घालू नका. ‘असंच चाललं तर पाय कापावा लागेल’ हे वाक्य आमच्या पिढीच्या नर्सा-डॉक्टरांच्या तोंडी फार होतं, अजूनही आहे. भीतीने माणूस आठ दिवस सुधारतो आणि नवव्या दिवशी आपल्याला टाळायला लागतो. आपण दिसलो की बाबा मागच्या दाराने रानात. खरं लपवायचंही नाही. ‘थोडी वाढलीय’ असं गुळमुळीत बोललं तर ‘थोडी’च समजून तो सोडून देतो. ‘मधुमेह आहे. पूर्ण जात नाही, पण ताब्यात राहतो, आणि ताब्यात ठेवणारे तुम्ही आहात, आम्ही मदतीला,’ हे सरळ सांगता येतं.

करून द्यायचं, सोबत करायचं, शिकवायचं

डोरोथिआ ओरेम या अमेरिकन परिचारिकेने शुश्रूषेचा पाया माणसाच्या स्व-काळजीवर ठेवला. तिच्या मते नर्सची मदत तीन प्रकारची: जिथे माणसाला काहीच जमत नाही तिथे आपण पूर्ण करायचं, अर्धं जमतं तिथे दोघांनी मिळून करायचं, आणि जमण्यासारखं आहे पण येत नाही तिथे शिकवून पाठीशी राहायचं. प्रत्येक कामासाठी ही पायरी वेगळी असते, हे ध्यानात घ्या.

इन्सुलिनचं उदाहरण घेते. आजोबांची नजर कमी झालीय, हात मात्र स्थिर आहे. मग सिरिंज भरणं नातवाने, टोचणं आजोबांनी. सरकारी दवाखान्यातून बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिटची बाटली मिळते, तिला लाल टोपीची ४० चीच सिरिंज लागते. मेडिकलवाल्याने केशरी टोपीची १०० ची दिली तर त्याच आकड्याच्या रेघेपर्यंत भरल्यावर औषध निम्म्याहूनही कमी जातं आणि शुगर चढलेलीच राहते. ही टोपी ओळखणं नातवाला शिकवायचं, आणि पहिल्या काही दिवसांत त्याने भरलेली सिरिंज आपण डोळ्यांनी पाहायची. फ्रिज नसेल तर दोन माठांची युक्ती आहे. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं, सावलीत. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरायची, म्हणून उघडल्याची तारीख पट्टीवर लिहायची.

कुणी इन्सुलिन नकोच म्हणालं तर? आपल्याकडे ‘इन्सुलिन म्हणजे शेवट’ असा समज खोल आहे. नाही म्हणायचा त्या माणसाला हक्क आहे, तो आपण मानायचाच. पण ते ‘नाही’ कशावर उभं आहे, हे विचारणं आपलं काम. ‘कुणाला बघितलं का हो इन्सुलिन घेताना?’ असं विचारलं की बहुधा एखादा चुलता निघतो, ज्याला फार उशिरा इंजेक्शन सुरू झालं आणि जो महिन्याभरात गेला. त्या चुलत्याबद्दल आधी बोला. मग सांगा की शरीरात जे बनायचं कमी झालंय तेच आपण बाहेरून देतोय. त्यावरही नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत जा. शुश्रूषेत नकार ही एका दिवसाची गोष्ट आहे, फाइल बंद करायचं कारण नाही.

काय जपायचं, काय बदलायचं

मॅडलिन लेनिन्जर ही नर्स मानववंशशास्त्र शिकली आणि पापुआ न्यू गिनीत गडसप लोकांमध्ये जाऊन राहिली. लोकांच्या रीतींकडे बघायचे तिने तीन मार्ग सांगितले: जपा, तडजोड करा, किंवा नव्याने बसवा. मला हा विचार सगळ्यात कामाचा वाटला.

ज्वारीची भाकरी, ताक, शेपू-मेथी, मटकीची उसळ, हे जपायचं. फक्त ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हा समज दूर करा. वाढते, आणि ती भाकरीच्या आकारावर असते. आमच्याकडची एक भाकरी म्हणजे शहरातल्या दोन-तीन पोळ्या. थापतानाच लहान थापायची.

मीठ हे तडजोडीचं. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे पाच माणसांच्या घरात किलोचा पुडा चाळीस दिवस पुरायला हवा. ‘पुडा किती दिवस जातो?’ हा प्रश्न ‘मीठ कमी खा’पेक्षा शंभर पटीने उपयोगी. जनावरांना घालायचं खडे मीठ त्यातून वेगळं काढून मोजायचं. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे यांचं मीठ वर धरायचं. मिश्री मात्र सोडायचीच. तिच्याशी तडजोड नाही.

उपवास हा या तिन्हींत मोडतो, आणि इथेच नर्सची समज दिसते. एकादशी सोडा असं माळकऱ्याला सांगणं म्हणजे त्याच्याशी नातं तोडणं. पण ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन दिवसभर पोटात काही नसेल तर शुगर धोकादायक खाली येते, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी पोटभर झाली की आकाशाला भिडते. म्हणून एकादशीच्या आधीच्या आठवड्यात विचारा, ‘निर्जळी करता की फराळी?’ डॉक्टरांकडून त्या दिवसाची गोळी ठरवून घ्या. राजगिरा, दही-काकडी, मूठभर शेंगदाणे थोड्या थोड्या वेळाने खायला सांगा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुगर ७० च्या खाली गेली, की तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. उपवास मोडला तर विठ्ठल रागावत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्याकडून आधीच वदवून घेतलेलं बरं. त्याचं ऐकलं जातं.

बाईच्या पथ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. पुरुषाला मधुमेह निघाला की आपण बायकोला बोलावून पथ्य समजावतो. बाईला निघाला की तिलाच समजावतो. ती स्वतःसाठी वेगळं शिजवणार नाही, कधीच नाही. सगळ्यांचं झाल्यावर जे उरतं ते ती खाते, कधी नुसता भात. म्हणून बाई रुग्ण असेल तर सासूला आणि नवऱ्याला समोर बसवा, आणि सगळ्या घराचंच जेवण थोडं बदला. तिने वेळेवर ताट वाढून घेणं हाच अर्धा उपचार आहे. हे आरोग्य शिक्षणापेक्षा न्यायाचं काम आहे आणि नर्सने ते भिडेखातर टाळू नये.

पाय

दर भेटीला पाय बघा, न सांगता राहून जाणारं काम हे. मोठी माणसं पाय मागे ओढतात, ‘आवो सिस्टर, पायाला काय हात लावता!’ म्हणतात. ‘तपासणीत पाय-डोकं सारखंच’ म्हणायचं आणि पाय मांडीवर घ्यायचा. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, चपलेत रुतलेला काटा, सगळं निरखायचं. मग डोळे मिटायला सांगून अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलका स्पर्श करायचा, दाबायचं नाही. स्पर्श झाला की डावा-उजवा सांगायचं. दोन्ही पायांच्या सहा जागांपैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर पायाची संवेदना गेलीय, डॉक्टरांकडे पाठवा. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आषाढी वारीला चालत जाणाऱ्यांची ही तपासणी दिंडी निघायच्या आधी करा, आणि अशांनी अनवाणी चालू नये हे दिंडीप्रमुखालाही सांगून ठेवा.

गावाच्या हाती

आमच्या शेजारच्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, आणि निरक्षर, परित्यक्ता, दलित बायकांना गावाच्या आरोग्यसेविका बनवलं. १९७८ च्या अल्मा-आता जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभागाचं जे तत्त्व मांडलं, ते तिथल्या बायका आधीच जगत होत्या. बीपी-शुगरला हे तत्त्व तर जास्तच लागू पडतं. डिजिटल मशीन बचत गटाकडे ठेवा, दोघी-तिघींना नीट मोजायला शिकवा. आठवडी बाजाराच्या दिवशी पारावर मोजलं तर रानात जाणारे पुरुषही सापडतात. पण आकडे चिठ्ठीवरच, मोठ्याने नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. एवढे महिने उपकेंद्राच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ पडतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक दवाखान्यात गेला की दोघांचं काम अडतं, खाडा धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटायची राहते. हा हिशोब कळला की ‘गोळ्या आणायला का गेली नाही?’ हा प्रश्न तोंडातून निघत नाही.

म्हणून निघायच्या आधी गाडीच्या तारखेची चौकशी मुकादमाकडे करा आणि यादी काढा. डॉक्टरांना गाठून जास्तीत जास्त दिवसांचं औषध मिळवा. प्रत्येकाला एक चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. तिच्यावर आजाराचं नाव, गोळ्यांची नावं आणि मात्रा, शेवटचं बीपी-शुगर, १४ अंकी आभा नंबर (सरकारी आरोग्य खात्याचा), आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचं नाव. ते केंद्र कोणतं हे आपण फोन करून आधीच शोधायचं, त्यांच्यावर सोडायचं नाही. शुगरवाल्याच्या कमरेला साखरेची पुडी हवीच. भोवती ऊस असला तरी थरथरत्या हाताने आणि भांबावलेल्या डोक्याने तो सोलून खाणं होत नाही, आणि हे जोडीदाराला माहीत असायला हवं. इन्सुलिनवाल्यांना कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, माठ कुठे ठेवायचा ते जमिनीवर रेघ ओढून दाखवा.

रजिस्टरमध्ये ‘पेशंट ऐकत नाही’ असं लिहू नका. ‘पहिलं जेवण १२ वाजता, सकाळची गोळी राहते’ किंवा ‘१५ एप्रिलपर्यंत फडावर, चिठ्ठी दिली, औषध ६० दिवसांचं’ असं लिहा. म्हणजे तुमची बदली झाली तरी पुढच्या मुलीला त्या घरात बोलायला कुठून सुरुवात करायची ते कळेल. आणि टोळी परतली की पहिल्याच आठवड्यात जा, आधी पाय बघा.